विश्लेषण : मुलांची पाठदुखी दप्तरामुळे, की मणक्यातील गाठीमुळे?

नारायण पेठेत काय किंवा कोथरूडमध्ये काय, मूल ‘पाठ दुखते’ म्हणाले की दोष आधी दप्तराला आणि मग मोबाइलला दिला जातो. बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र अगदी थोड्या मुलांत हे दुखणे मणक्यातील कर्करोगाच्या गाठीचे असते. ते उशिरा ओळखले गेले तर पायांतील ताकद कायमची जाऊ शकते.

या गाठी कोणत्या?

मुलांमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूत होणाऱ्या एकूण गाठींपैकी मज्जारज्जूतील गाठी शंभरात दहापेक्षाही कमी असतात. त्यातीलही अनेक हळू वाढतात. घातक गाठींचे प्रकार वयानुसार बदलतात. पाच वर्षांखालील मुलांत न्यूरोब्लास्टोमा पोटातून किंवा छातीतून मणक्यांमधील छिद्रांवाटे आत शिरतो. दहा ते वीस वयोगटात इविंग सार्कोमा आढळतो. जेम्स इविंग यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले. हाडांचा हा कर्करोग बहुधा मांडी किंवा कमरेच्या हाडात होतो, मणक्यात क्वचितच.

लक्षणे कोणती?

रात्री झोपेतून उठवणारी, विश्रांतीनेही न थांबणारी, आठवडेच्या आठवडे टिकणारी पाठदुखी ही पहिली खूण. चालताना अडखळणे, पायाला मुंग्या, पाठीला अचानक बाक येणे, वजन घटणे याही खुणाच. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटला, पाय लुळे पडू लागले तर ती तातडीची स्थिती असते. तेव्हा तासही मोलाचे असतात.

निदान का चुकते?

आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अधिक आढळतो. दोन्हींत पाठदुखी, ताप, वजन घटणे असू शकते. साध्या एक्स-रेत सुरुवातीची गाठ दिसतेच असे नाही. त्यामुळे एमआरआय आणि शक्य तेथे बायोप्सी आवश्यक ठरते. त्याच नमुन्यातून क्षयाचे जंतू आणि कर्कपेशी दोन्ही तपासता येतात. केवळ अंदाजाने क्षयाची औषधे महिनोन्‌महिने दिल्यास वेळ हातचा जातो.

उपचार कसे होतात?

प्रत्येक गाठ आधी कापून काढावी लागते, असे नाही. न्यूरोब्लास्टोमा आणि इविंग सार्कोमा केमोथेरपीने लवकर आकसतात. वाढत्या वयात मणक्याची कमान काढल्यास पुढे कुबड येण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय बालकर्करोगतज्ज्ञ, मेंदू-मणका शल्यचिकित्सक आणि रेडिएशनतज्ज्ञ मिळून घेतात. इविंग सार्कोमा शरीरात पसरलेला नसेल तर सुमारे ७० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरल्यावर हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते.

उपचार कुठे, खर्चाचे काय?

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बालकर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे. त्याच संस्थेच्या खारघर केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचार मिळतात. प्रोटॉनचा किरण ठरावीक खोलीवर थांबतो, त्यामुळे गाठीपुढील हृदय, आतडी अशा अवयवांना कमी इजा होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत. योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. परगावच्या बालरुग्णांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडिया केंद्रांत विनामूल्य निवास मिळू शकतो.

पालकांनी काय करावे?

प्रत्येक पाठदुखीला घाबरू नये. पण रात्रीचे दुखणे दोन-तीन आठवडे टिकले, तर मलम आणि मालिश थांबवून बालरोगतज्ज्ञांना गाठावे आणि ‘मुलाला चालवून पाहा’ असे आवर्जून सांगावे.