घर कोपरखैरण्यात, मालक परगावी: भाड्याचं घर सांभाळणाऱ्याकडून हिशेब कसा घ्यावा

सिडकोने वसवलेल्या कोपरखैरण्यात माथाडी कामगारांना घरं मिळाली. त्यांतले कितीतरी जण निवृत्तीनंतर साताऱ्याकडे, सांगलीकडे, जुन्नरकडे गावी परतले आणि इथलं घर भाड्याने गेलं. ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या गावकऱ्यांना साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडांवर पुढे इमारती उठल्या. त्यांत फ्लॅट घेऊन ठेवलेली माणसं पुण्यात असतात, दुबईत असतात. भाडेकरू मिळण्याची अडचण सहसा नसते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्या, महापे, धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी, वाशीची बाजार समिती आणि ट्रान्स-हार्बरचं स्टेशन, हे सगळं हाताशी आहे. अडचण येते ती मधल्या माणसाची. हा माणूस म्हणजे कधी तीन टाकीजवळ दुकान असलेला इस्टेट एजंट असतो, कधी मालकाचा भाचा, तर कधी दरमहा टक्केवारी घेणारी कंपनी. तो नीट काम करत नसेल तर काय करायचं, हे बहुतेक मालकांना ठाऊक नसतं. म्हणून ते वर्षानुवर्षं गप्प बसतात.

या माणसावर कोणता कायदा चालतो ते आधी पाहू. महारेराकडे एजंटांची नोंदणी होते, पण ती घर विकण्याच्या व्यवहारासाठी. नुसतं भाड्याचं घर सांभाळणारा तिच्या कक्षेत येत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. त्यात मालमत्ता व्यवस्थापकासाठी वेगळं प्रकरण आहे: पावती देऊन भाडं घेणं, आवश्यक दुरुस्त्या करणं, वेळोवेळी घराची पाहणी करणं ही त्याची कर्तव्यं. त्यांत कसूर झाली तर भाडे प्राधिकरण त्याला हटवू शकतं किंवा त्याच्याकडून भरपाई घेऊ शकतं. तरतूद चांगली आहे, पण महाराष्ट्रात अजून १९९९ चा भाडे नियंत्रण कायदाच चालतो आणि त्यात या माणसासाठी अशी सोय नाही. त्यामुळे मालकाच्या हाती उरतो १८७२ चा भारतीय करार कायदा. दीडशे वर्षांपूर्वीचा असला तरी प्रतिनिधी आणि त्याला नेमणारा यांच्या नात्यावर तो फार स्पष्ट बोलतो. कलम २११ म्हणतं, मालकाने सांगितलं तसंच काम करायचं. २१३ म्हणतं, मागितला की हिशेब द्यायचा. २१८ नुसार मालकाच्या वतीने घेतलेले पैसे, आपलं कायदेशीर येणं वजा करून, मालकाला द्यायचे. आणि कलम २२० नुसार ज्या कामात त्याने गैरवर्तन केलं, त्या कामाच्या मेहनतान्यावर त्याचा हक्क राहत नाही.

ही कलमं उपयोगी पडावीत म्हणून नेमणूक कागदावर हवी. दोन पानं पुरतात. भाडेकरू कोणी ठरवायचा, किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती न विचारता करायची, घराला भेट किती महिन्यांनी, मेहनताना किती आणि तो कशावर, कामावरून दूर करायचं तर किती दिवसांची सूचना, एवढं लिहा. यात एक गोष्ट मी सगळ्यांत वर ठेवतो: भाडं आणि डिपॉझिट थेट मालकाच्या बँक खात्यात. मालक अनिवासी असेल तर ते त्याच्या एनआरओ खात्यात जावं, आणि भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरावा. डिपॉझिट व्यवस्थापकाच्या खात्यात गेलं आणि तिथेच अडकलं, तर घर सोडताना भाडेकरू ते मालकाकडेच मागणार, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. मालकाच्या माणसाने अधिकारात राहून घेतलेले पैसे मालकाने घेतल्यासारखेच असतात.

कुलमुखत्यारपत्र द्यावं लागलं तर ते मोजक्या कामापुरतं द्या: लिव्ह अँड लायसन्सचा करार करणं, तो नोंदवणं, सोसायटीत आणि पोलिसांकडे माहिती देणं. विक्री, गहाण, पैसे स्वीकारणं हे शब्द त्यात नसावेत. मालक भारतात राहत असेल तर कागद नोंदवण्यासाठीचं हे पत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यावं लागतं, नुसती नोटरी चालत नाही. परदेशात केलेलं पत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरायचं असतं.

आता खर्च, कारण फसवाफसवी इथूनच सुरू होते. समजा भाडं २५,००० रुपये, डिपॉझिट एक लाख, मुदत ११ महिने. एकूण भाडं २,७५,००० होतं. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळवायचं, ते ११ महिन्यांचं साधारण ९,१६७. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे जवळपास ७१० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचा मेहनताना. ‘ॲग्रीमेंटचा खर्च’ म्हणून कोणी आठ हजार लावले, तर उरलेले कशाचे हे विचारायला तुमच्याकडे आकडा आहे. आणि ‘नोंदणीची गरज नाही, नोटरी बास’ असं सांगणारा व्यवस्थापक मालकाला खड्ड्यात घालतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

दूर बसून लक्ष ठेवायला महावितरणचं बिल फार कामाचं. ग्राहक क्रमांक असला की ते मोबाइलवर दिसतं, मागच्या महिन्यांच्या युनिटांसह. ‘घर तीन महिने रिकामंच आहे’ असा निरोप येतो आणि बिलात दरमहा दीडशे युनिट दिसतात, तेव्हा वेगळं पत्र लिहायची वेळ झालेली असते. उलटंही होतं: भाडेकरू आहे म्हणतात आणि मीटर हलत नाही. महापालिकेचा मालमत्ता कर आणि सोसायटीचं देखभाल बिलही मालकाने स्वतः पाहावं. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावत असेल तर ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं, असा ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे. व्यवस्थापक याहून जास्त रक्कम हिशेबात दाखवत असेल तर सोसायटीची पावती मागा. सिडकोच्या बैठ्या घरांत आणि गावठाणातल्या खोल्यांत सोसायटीच नसते, म्हणजे पाहणारा सेक्रेटरीही नसतो. तिथे दर तिमाहीला चालू तारखेचे फोटो आणि मीटरचं रीडिंग मागण्याला पर्याय नाही.

शंका आली की फोनवर भांडू नका. गावचा माणूस आहे, त्याला हिशेब कसा मागायचा, हा संकोच मी जुन्या मालकांमध्ये फार पाहिला आहे, आणि त्यापायी त्यांचं खरोखर नुकसान होतं. एक साधं पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा: अमुक तारखेपासून आलेलं भाडं, डिपॉझिट, दुरुस्तीची मूळ बिलं, करारांच्या प्रती, किल्ल्यांचे संच, पंधरा दिवसांत. पुष्कळदा एवढ्यानेच कारभार ताळ्यावर येतो. काम ढिलं आहे पण नियत बरी आहे असं दिसलं, तर दोन महिने मुदत देऊन पाहण्यात शहाणपण आहे. नवा माणूस शोधण्यातही भाड्याचे महिने जातात.

काढायचंच ठरलं तर क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण आधी व्यवस्थापकाला कळवतात आणि मग तो भाडेकरूकडून पुढच्या दोन महिन्यांचं भाडं उचलून मोकळा होतो. करार कायद्याच्या कलम २०८ नुसार, अधिकार काढल्याचं तिसऱ्या माणसाला जोवर कळलेलं नाही तोवर त्याच्यापुरता तो अधिकार चालूच असतो. म्हणजे भाडेकरूने जुन्या व्यवस्थापकाला भरलेलं भाडं हे भरलेलंच भाडं. म्हणून एकाच दिवशी तीन पत्रं काढा: भाडेकरूला, सोसायटीला आणि व्यवस्थापकाला. भाडेकरूचं पत्र हातात द्या आणि पोच घ्या. कुलमुखत्यारपत्र नोंदवलेलं असेल तर ते रद्द करण्याचा लेखही नोंदवा. कायदा व्यवस्थापकाला वाजवी सूचना द्यायला सांगतो. मुदतीची नेमणूक पुरेशा कारणाशिवाय मध्येच मोडली तर त्याला भरपाईही मागता येते. म्हणून आधीच्या पत्रव्यवहाराचं बाड जपून ठेवा.

कराराची मुदत संपूनही भाडेकरू बसलेला असेल, तर तो वेगळा धागा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. व्यवस्थापकाने नूतनीकरण तोंडी केलेलं असेल तर हा सोपा मार्ग अवघड होतो. व्यवस्थापक बदलण्याचं यासारखं ठोस कारण दुसरं नाही.

अडकलेले पैसे मागायला वेळेची मर्यादा आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार दावा तीन वर्षांत करायचा: नेमणूक चालू असताना हिशेब मागितला आणि त्याने नाकारला, तर त्या दिवसापासून, मागितलाच नसेल तर नेमणूक संपल्यापासून. मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या कंपनीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि मालक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो. साताऱ्यात राहणाऱ्याला त्यासाठी नवी मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत.

नवा माणूस नेमण्याआधी एक काम उरतं. महावितरण, पाइप गॅस, मालमत्ता कर आणि सोसायटीच्या नोंदींत मालक म्हणून कोणाचा मोबाइल नंबर आहे तो तपासा. पुष्कळ घरांत तो जुन्या व्यवस्थापकाचा निघतो. चारही ठिकाणी स्वतःचा नंबर लावून घ्या, दाराचं लॅच बदला आणि नव्या किल्ल्यांचा एक संच आपल्याकडे ठेवा.