स्पाची चोवीस तासांची शर्यत
बेल्जियममधील स्पा-फ्रँकोर्शां येथे १९२४ साली सुरू झालेली आणि आता सुमारे ७ किलोमीटरच्या मार्गावर होणारी चोवीस तासांची शर्यत ही आज ‘जीटी वर्ल्ड चॅलेंज युरोप’ या मालिकेतील सर्वांत प्रतिष्ठेची फेरी होय. तीत धावणाऱ्या जीटी३ गटातील गाड्या शोरूममध्ये विकल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कारवरूनच बेतलेल्या असतात. मात्र पुढे इंजिन असलेली मर्सिडीज आणि मागील चाकांच्याही मागे इंजिन असलेली पोर्शे यांची बरोबरी व्हावी म्हणून कोणाचे वजन वाढवले जाते, तर कोणाच्या इंजिनाची ताकद आवळली जाते, आणि या ‘कामगिरी-समतोला’वरून होणाऱ्या कुरबुरी काही थांबत नाहीत. आर्देनच्या डोंगराळ जंगलात एका वळणावर पाऊस, तर पुढच्यावर कोरडा रस्ता असे अनेकदा घडत असल्याने, पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायरसाठी गाडी थांबते तेथे, टायर कोणते चढवावेत हा पेच मध्यरात्रीही सुटत नाही.