परक्या मुलुखातील पहिले बिऱ्हाड

श्रावण लागला की आमच्या वारणानगरच्या परिसरात अलीकडे एक नवे दृश्य दिसू लागले आहे. दुकानातून मागून आणलेल्या वजनकाट्यावर एक मोठी प्रवासी बॅग चढवलेली असते आणि घरातली सारी माणसे त्या काट्याकडे डोळे लावून उभी असतात. वजन अधिक भरले की एकेक जिन्नस बाहेर निघतो. आधी पुस्तके निघतात, मग एखादा जादा स्वेटर. कांदा-लसणीची चटणी, भाजणी, मेतकूट आणि गुळाची ढेप मात्र जागची हलत नाहीत. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी जर्मनीला, इंग्लंडला वा आयर्लंडला निघालेली असते. अशा वेळी निरोपाला गेलेल्या शिक्षकाला आई हमखास एक प्रश्न विचारते, ‘‘सर, त्याला तिकडं जमेल ना हो?’’

आपण सारे या प्रश्नाला ठरलेले उत्तर देतो. पोरगा जिद्दीचा आहे, चार दिवसांत रुळेल, असे म्हणतो. या उत्तरात एक गृहीत दडलेले आहे. परक्या मुलुखात रुळणे ही स्वभावाची व मनोबलाची गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. वास्तविक ती पुष्कळशी छप्पर, सरपण, शिधा आणि सवड यांची गोष्ट असते. म्हणूनच ती काही अंशी पाठवणाऱ्या समाजाचीही जबाबदारी ठरते. महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन सुपरिचित प्रवासांकडे या दृष्टीने पाहिले, तर हा मुद्दा स्पष्ट होईल. या दोन्ही प्रवासांचा कोल्हापूरशी निकटचा संबंध आहे.

रोझेलचे घर आणि फिलाडेल्फियाची खोली

पहिला प्रवास आनंदीबाई जोशी यांचा. त्यांचे पती गोपाळराव कोल्हापुरात टपालखात्यात नोकरीला असताना त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या नियतकालिकात छापले गेले. १८८० मध्ये ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कारपेंटर यांच्या वाचनात आले आणि दोन कुटुंबांत पत्रव्यवहार सुरू झाला. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. बंदरावर त्यांना उतरवून घ्यायला कारपेंटरबाई आल्या होत्या. तो सबंध उन्हाळा आनंदीबाईंनी त्यांच्या घरी काढला. खाणे शाकाहारी, वेश लुगड्याचा, रीतभात कल्याण-पुण्याकडची. एवढे सारे वेगळेपण असूनही त्या घरात त्या मुलीसारख्या वावरल्या.

ऑक्टोबरमध्ये त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या आणि चित्र पालटले. वाट्याला आलेल्या खोलीतील शेगडी धड पेटत नसे. पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर हाडे गोठवणारा गारठा. नऊवारी लुगड्याने त्या हवेत अंग पुरेसे झाकले जात नाही, म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसू का, असे त्यांना हजारो मैलांवरच्या नवऱ्याला पत्राने विचारावे लागले. शाकाहार सोडायचा नाही आणि तिकडे त्याची सोय नाही, अशा कात्रीत पोटाची आबाळ झाली. मार्च १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळवली खरी. पण तोवर प्रकृती ढासळली होती. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून नेमले होते. आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ते हेच. त्या जागेवर रुजू होणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

बाई तीच, जिद्द तीच, देशही तोच. रोझेलच्या घरात जे जमले, ते फिलाडेल्फियाच्या खोलीत का जमले नाही? फरक मनोबलात नव्हता. तो शेगडीत होता, ताटात होता आणि दिवसाच्या शेवटी ‘जेवलीस का?’ असे विचारणाऱ्या माणसात होता.

साडेअकरा पौंडांचा संसार

दुसरा प्रवास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहातील जेवण त्यांना मानवेना, म्हणून आठवड्याभरातच त्यांनी मुक्काम हलवला. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याची सोबत मिळाली आणि ही मैत्री जन्मभर टिकली. शिष्यवृत्तीतूनच मुंबईच्या घरी पैसे धाडायचे आणि उरल्या पैशांत पोट व पुस्तके भागवायची, असा तो संसार होता.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो पुरा करायला ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. या वेळी पाठीशी होती सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेली पुंजी, भथेनांनी दिलेले कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे अर्थसाहाय्य. या वास्तव्याचा तपशील धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. रात्री दहाच्या सुमारास भुकेने जीव कासावीस झाला की एका परिचिताने दिलेल्या पापडांतले चार पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. ‘रुपयाचा प्रश्न’ हा अर्थशास्त्रातील त्यांचा प्रबंध या पापडांवर लिहिला गेला आणि १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वर्गात तो ग्रंथ शिकवताना चलनाच्या सुवर्ण परिमाणाविषयी मी पुष्कळ बोलतो. त्या चार पापडांविषयीही बोलले पाहिजे, असे अलीकडे वाटू लागले आहे.

यावर कोणी म्हणेल की, हालअपेष्टांतूनच माणूस घडतो. आंबेडकर पापडांवर राहिले म्हणून काय बिघडले? हा युक्तिवाद आकर्षक असला तरी तर्कदुष्ट आहे. जे तरले त्यांचाच हिशेब त्यात मांडलेला असतो. जे बुडाले त्यांची खातेवही कोणी उघडत नाही. आनंदीबाईंची वही उघडून पाहा, म्हणजे उपासमारीचे तत्त्वज्ञान करण्याचे धैर्य होणार नाही. शिवाय खुद्द बाबासाहेबांनी आपल्या हालांचे असे तत्त्वज्ञान कधी केले नाही. परत आल्यावर त्यांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. भूक काय असते हे जाणणाऱ्याने पुढच्या पिढीला भुकेचा उपदेश केला नाही; तिच्यासाठी चूल पेटवून दिली.

स्वदेशातील परदेश

आंबेडकरांच्या या प्रवासातील सर्वांत दुःसह मुक्काम मात्र परदेशातला नव्हेच. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये राहायला जागा मिळालेला हा विद्वान सप्टेंबर १९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेला आणि त्या शहरात त्याला एक खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत त्यांनी काही दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ओळखीच्यांकडे आसरा मागून पाहिला, तोही मिळाला नाही. अखेर सार्वजनिक बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हा प्रसंग त्यांनी स्वतः आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला आहे.

तेव्हा परदेश म्हणजे केवळ समुद्रापलीकडचा देश नव्हे. जिथे माणसाला भाड्याने खोली मिळत नाही, जिथे त्याचे ताट वेगळे मांडले जाते, तो मुलूख त्याच्यापुरता परदेशच होय. ही गोष्ट ज्या राज्यकर्त्याने नेमकी ओळखली, तो आपल्याच कोल्हापूरचा होता. शाहू महाराजांच्या काळात खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आलेला मुलगा हाही एक परदेशस्थच होता. त्याची फी माफ करून प्रश्न सुटत नव्हता, कारण त्याला राहायला आणि जेवायला जागा नव्हती. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्यापाठोपाठ जैन, मुस्लिम अशा एकेका समाजाची वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नव्हे. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शिकवणीचा खर्च नव्हे, हा अर्थशास्त्रीय सिद्धांत महाराजांनी पुस्तकात न लिहिता दगडविटांत बांधून ठेवला.

आजचा हिशेब

आज काळ बदलला आहे. आईचा चेहरा रोज फोनवर दिसतो, आणि युरोपातील कोणत्याही मोठ्या शहरात तूरडाळ नि कढीपत्ता मिळतो. तरीही रुळण्याचा परिव्यय संपलेला नाही. त्याचे रूप तेवढे बदलले आहे. आमच्या शास्त्रात ज्याला स्थिर परिव्यय म्हणतात, तसा हा खर्च आहे. कोणी हुशार असो वा मंद, तो पहिल्या तीन महिन्यांतच अंगावर येतो. खोलीची अनामत रक्कम, थंडीचे कपडे, भांडी, आणि काम मिळेपर्यंतचे रिकामे दिवस. जर्मनीने तर हे ओळखून नियमच केला आहे. तिथे शिकायला जाणाऱ्याला वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच बंद खात्यात ठेवून दाखवावी लागते आणि ती दरमहा ठरावीक हप्त्यानेच काढता येते. आमच्याकडे अनेक पालक ही रक्कम उसनवारीने उभी करतात. मग मुलगा तिकडे पोचतो तो देणेकरी होऊनच. दिवसा वर्गात आणि रात्री उपाहारगृहातील भांडी घासण्यात त्याचे तास जातात. गेल्या वर्षी गेलेल्या एका विद्यार्थ्याने मला सांगितले, ‘‘सर, थंडीचं काही वाटत नाही. दुकानात प्रत्येक वस्तूची किंमत मनात रुपयांत करतो, आणि उचललेली वस्तू परत ठेवतो.’’ त्याच्या या वाक्यात विनिमय दराचा एक सबंध धडा सामावलेला आहे.

राज्य शासनाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची जी शिष्यवृत्ती ठेवली आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले आहे आणि तीत शुल्काबरोबर निर्वाहभत्ताही धरला आहे. हे योग्यच झाले. तथापि भत्ता किती, याइतकेच तो केव्हा हाती पडतो यालाही महत्त्व आहे. पहिल्या महिन्यातील शंभर पौंड हे सहाव्या महिन्यातील पाचशे पौंडांहून मोलाचे असतात. शासनाकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. वारणेच्या खोऱ्याने सहकाराच्या बळावर कारखाना, दूध संघ आणि महाविद्यालये उभी केली. त्याच बळावर पहिल्या तीन महिन्यांसाठी बिनव्याजी उचल देणारा एखादा निधी उभारणे अवघड नाही. आधी गेलेल्या विद्यार्थ्यांची गाववार नोंद ठेवावी, म्हणजे नव्याला उतरवून घ्यायला विमानतळावर कोणीतरी असेल. प्रत्येकाच्या वाट्याला कारपेंटरबाई येत नाहीत; त्या संघटितपणे निर्माण कराव्या लागतात. आणि मुलग्यांना भाकरी नसली तरी वरण-भात शिजवायला शिकवूनच पाठवावे. चटणीच्या बरणीपेक्षा ती शिदोरी अधिक टिकते.

शेवटी एक गोष्ट आपल्या दारातली. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे आमच्या शिवारात उतरतात. खोपी उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, आणि शाळेच्या वयाची पोरे पाचटात खेळत राहतात. बोली वेगळी, पाणी वेगळे, ओळखीचे कोणी नाही. आपल्या मुलाला डब्लिनमध्ये किंवा म्युनिकमध्ये कोणी घर दाखवावे, पोटभर जेवू घालावे, नावाने हाक मारावी, अशी अपेक्षा करणाऱ्या आपण त्या खोपीतल्या पोराचे नाव विचारले आहे काय? ‘त्याला तिकडं जमेल ना’ या आईच्या प्रश्नाचे उत्तर तिकडचे लोक देतील. ‘त्यांना इकडं जमतं का’ या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्यालाच द्यावयाचे आहे.