चुलीतला गोटा फुटतो तेव्हा

समजा डिसेंबरचा महिना आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या बाजूला, पूस नदीच्या काठी तुमच्या शाळेच्या बालवीर पथकाचे शिबिर पडले आहे. दिवसा ऊन असले तरी सूर्य मावळताच थंडीचा कडाका जाणवू लागतो. तुमच्या टोळीने नदीच्या पात्रातून तीन गुळगुळीत गोटे आणून चूल मांडली, खिचडी शिजवली आणि जेवणे आटोपल्यावर त्याच चुलीत लाकडे सारून सगळे शेकत बसले. एवढ्यात फटाक्यासारखा आवाज होतो, निखारे उडतात आणि सातवीतला एक मुलगा कपाळ धरून ओरडतो. विजेरीच्या उजेडात पाहावे तो अर्धा चेहरा रक्ताने माखलेला! "डोळा गेला," असे कोणीतरी म्हणते आणि एकच गोंधळ उडतो.

गोटा का फुटला हे नंतर पाहू. आधी त्या मुलाकडे वळा.

रक्त पाहून घाबरण्यापूर्वी एक छोटे गणित करा. चहाच्या चमच्यात सुमारे ५ घन सेंटिमीटर द्रव मावतो. एवढेच रक्त ०.१ मिलिमीटर जाडीच्या थरात पसरले तर ते ५०० चौरस सेंटिमीटर जागा व्यापते. म्हणजे एक चमचा रक्त सारा चेहरा रंगवायला पुरते. शिवाय कपाळाच्या आणि डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते, त्यामुळे तिथली लहानशी जखमही भळाभळा वाहते.

तेव्हा मुलाला खाली बसवा. स्वच्छ ओल्या कापडाने डोळ्याभोवतीचे रक्त हलकेच टिपा आणि दुसरा डोळा झाकून त्याला तुमची बोटे मोजायला सांगा. बरोबर मोजली, डोळा दुखत नाही आणि जखम भुवईच्या वर आहे, असे दिसले तर अर्धी भीती तिथेच संपली. मात्र कपची डोळ्यालाच लागली असेल तर चोळू नका, दाबू नका, रुतलेला कण काढूही नका. कागदी पेल्याची कड डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल अशा रीतीने डोळा झाका, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि थेट रुग्णालय गाठा.

भुवईवरच्या साध्या जखमेवर घडी घातलेले स्वच्छ कापड ठेवून दाबून धरा. किती जोराने? हृदय आकुंचन पावते तेव्हा धमन्यांतला रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर उंचीएवढा असतो. याचा अर्थ, दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम १६० ग्रॅम वजनाचा भार. चार चौरस सेंटिमीटरच्या घडीवर साधारण ६५० ग्रॅम. एवढा जोर तर पाचवीतल्या मुलाच्या बोटांतही असतो! कपाळामागे हाड असल्यामुळे खालून आधारही आयताच मिळतो. (हाड खचल्यासारखे वाटले तर मात्र दाबायचे नाही.) घड्याळ लावून दहा मिनिटे दाबा, आणि मध्येच "थांबले का?" म्हणून कापड उचलू नका. रक्त साकळून जे बूच तयार होत असते तेच उचलताना निघून येते. हळद, चहापूड, राख यांतले काहीही जखमेत भरू नका. निखाऱ्याने भाजले असेल तर ती जागा वीस मिनिटे साध्या थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्याखाली धरा. जखमेच्या कडा फाकल्या असतील तर टाके लागतील; धनुर्वाताच्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारायला हवे. उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर क्षणभरही थांबू नये.

आता त्या गोट्याकडे या. पुसदकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा थिजून तो बनला. लाव्ह्यातल्या वायूंचे बुडबुडे आत अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. वर्षानुवर्षे पाण्यात पडून राहिलेल्या गोट्याच्या बारीक भेगांतून या पोकळ्यांत पाणी शिरते. चुलीत गोटा झपाट्याने तापतो, पण पाण्याला त्या चिंचोळ्या वाटांनी तितक्या झपाट्याने बाहेर पडता येत नाही. घरच्या प्रेशर कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि आतला दाब वातावरणाच्या दुप्पट होतो. मग शिटी वाजते. गोट्याला शिटी नसते. कोंडलेले पाणी २०० अंशांना पोचले की वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे १५ पट आणि २५० अंशांना जवळजवळ ४० पट होतो. दगड दाबला तर फार सोसतो, ताणला तर फारच कमी. त्यातून उष्णतेचा तो मंद वाहक. बाहेरचा थर तापून प्रसरण पावतो, गाभा थंडच राहतो, आणि या ओढाताणीतच भेगा पडलेल्या असतात. मग आतून रेटा आला की कपच्या बंदुकीच्या गोळीसारख्या सुटतात.

सगळेच गोटे फुटत नाहीत, आणि खरा धोका हाच आहे. दहा वेळा चूल सुखरूप पेटली की अकराव्या वेळी कोणी विचार करत नाही. म्हणून चुलीसाठी पात्रातले दगड घेऊच नयेत. पक्क्या विटा मिळाल्या तर त्या कोरड्या पाहून घ्याव्यात, किंवा मोकळ्या जमिनीत चर खणून चूल करावी. शेकोटीला दगडांचे कडे लागतच नाही. पालापाचोळा दूर केलेली उघडी माती पुरते.

सकाळी राख पूर्ण थंड झाल्यावर फुटक्या गोट्याचे तुकडे भिंगाखाली पाहा. पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसले तर ते बहुधा झिओलाइट असतील. या खनिजांच्या रचनेतच पाणी बसलेले असते. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने असा स्फटिक तापवला, तेव्हा तो फसफसून वाफ सोडू लागला. म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून त्याचे नाव ठेवले "उकळणारा दगड".