मालक, चोपदार आणि माउली
शिकवण आणि संस्था : भाग सहावा

गेल्या आठवड्यात असिसीच्या फ्रान्सिसची गोष्ट पाहिली. दमडीही जवळ ठेवायची नाही, हा त्याचा दंडक. पण त्याच्या अनुयायांमधला दारिद्र्याचा वाद पोपपर्यंत गेला. ख्रिस्ताच्या आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचे काहीच नव्हते, असे म्हणणे १३२३ साली पोप बाविसाव्या जॉनने पाखंड ठरवले. हे वाचून मराठी माणसाला वाटणार की आपल्या वारकऱ्यांचे बरे, त्यांना पोप नाही, पीठ नाही. तुळशीची माळ घातली, एकादशी धरली, आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट धरली की झाला वारकरी.

हे अर्धेच खरे आहे. वारी आपोआप चालत नाही. तिच्यामागे चोख बंदोबस्त आहे आणि तो कोणी घातला हेही ठाऊक आहे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या. देहूहून आळंदीला यायचे, ज्ञानदेवांच्या पादुका सोबत घ्यायच्या आणि दोघांच्या नावाचा गजर करत पंढरपूर गाठायचे, असा क्रम त्यांनी सुरू केला. पुढे देहूकरांच्या घरात हक्कांवरून भाऊबंदकी माजली. मग १८३२ च्या सुमारास आळंदीची पालखी वेगळी निघाली. ती काढणारे हैबतबाबा आरफळकर हे साताऱ्याकडच्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेला हा गडी फौजेची शिस्त जाणत होता. त्यांनी अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे व तंबू मिळवले आणि वासकरांसारख्या फडकऱ्यांना, म्हणजे दिंड्या-कीर्तनांची परंपरा चालवणाऱ्या फडांच्या प्रमुखांना, सोबत घेतले. कोणती दिंडी रथाच्या पुढे, कोणती मागे, कोणाचा क्रमांक कितवा, मुक्काम कुठे, हे सगळे त्या काळी लागलेल्या घडीवर आजही चालते. रथापुढच्या दिंड्या २७. त्यांच्या जागा मानाच्या आणि ठरलेल्या. नव्याने येणाऱ्याने मागे चालायचे.

आणि या सोहळ्याला ‘मालक’ आहेत. हा माझा शब्द नव्हे. हैबतबाबांच्या गादीवरच्या व्यक्तीला पालखी सोहळ्याचे मालक असेच म्हणतात. स्वतः हैबतबाबांनी मात्र समाधीसाठी जागा निवडली ती आळंदीच्या मंदिराच्या पायरीशी. तिथल्या संस्थानचा कारभार विश्वस्त पाहतात आणि त्यांची नेमणूक पुण्याचे जिल्हा न्यायाधीश करतात. ज्ञानदेव आणि त्यांच्या भावंडांना, ज्या मुलांना पैठणच्या शास्त्र्यांकडून शुद्धिपत्र मिळवायला जावे लागल्याची कथा आपण सांगतो, त्यांच्यातल्या एकाच्या देवळाचा कारभार कोणी पाहायचा, हे आता कोर्ट ठरवते.

मग शिकवण या बंदोबस्तात गुदमरली का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मुक्कामाच्या तळावर पाहायला मिळते. संध्याकाळी पालखी तंबूत आली की समाज आरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. सोहळ्याची शिस्त राखणारा चोपदार दंड उंचावतो आणि सगळे एकदम शांत होते. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल, वाटेत कोणी त्यांच्या जागेत घुसले असेल, पाण्याची आबाळ झाली असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, मगच ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवले-सापडल्याची पुकार, दुसऱ्या दिवशीच्या निघण्याची वेळ, आणि आरती. गाऱ्हाणे मिटल्याशिवाय आरती नाही, असा नियम किती धर्मसंस्थांनी स्वतःला घालून घेतला आहे?

पंढरपूरच्या देवळात असे टाळ वाजवायची सोय नव्हती. तिथे बडवे, पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे अशी सेवाधाऱ्यांची घराणी. रुक्मिणीकडे उत्पात. सेवा वंशपरंपरेची आणि तिला उत्पन्न जोडलेले. लाखो लोक ज्याच्यासाठी चालत यायचे, त्याच्या पायांवर डोके ठेवायला या घराण्यांची मर्जी लागे. अस्पृश्य ठरवलेल्या संत चोखोबांना ती कधीच मिळाली नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना ते गाडले गेले. त्यांची समाधी महाद्वारी, नामदेव पायरीसमोर, म्हणजे बाहेरच. त्यांच्या जातीच्या माणसाला आत जाता यावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण करावे लागले. मध्ये सहाशे वर्षे गेली. घराण्यांचे हक्क मात्र तसेच राहिले. देवळाच्या कारभाराच्या चौकशीसाठी नाडकर्णी आयोग नेमला गेला, १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला, आणि तरीही बडवे-उत्पातांचे हक्क संपायला सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१४ चा निकाल यावा लागला. त्यानंतर मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या पुरुषांकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले.

देऊळ दोषी आणि वारी निर्दोष, असा सोपा निकाल लावू नये. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवून ठेवले आहे की वारीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी शेजारी शेजारी चालत, पण पंगती वेगळ्या बसत. अभंग एक आणि चूल वेगळी. ज्या फडांनी चोखोबांचे अभंग पिढ्यान् पिढ्या गाइले, त्यांतल्या फार थोड्यांनी देवळाच्या दाराशी अडून बसायची हिंमत केली. फडाची गादीही बहुधा घराण्यातच फिरते. कीर्तनकाराने पैसा घेऊ नये हा संप्रदायाचा दंडक. आज मानधनाचा आकडा आधी ठरतो आणि मग तारीख मिळते, हे गावोगावच्या सप्ताह कमिट्या जाणतात.

तरी देऊळ आणि पालखी यांत मी फरक करतो. देवळातला हक्क जागेवर बसून मिळणाऱ्या उत्पन्नाचा होता. पालखीतला मान पायी चालणाऱ्यालाच मिळतो. दुसरे असे की ही संघटना दरवर्षी विसर्जित होते. पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की दिंड्या पांगतात, विणेकरी पेरणीच्या मागे लागतो. वर्षभर माणसावर हुकूम चालवायला इथे कोणी उरत नाही. मालक आहेत, पण राज्य तीनेक आठवड्यांचे. शिकवणीला एवढीच मोकळीक पुरली असावी. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ती याच मोकळिकीतून. संतांचे ग्रंथ अर्थासह शिकवायची ही शाळा फडांच्या घराण्यांबाहेरच्या मुलांनाही कीर्तनाला उभे करू लागली.

ज्यांच्या घरात दिंडीची परंपरा आहे, त्यांनी आपल्या दिंडीतल्या पंगतीची पद्धत कधी आणि कशी बदलली, हे जुन्या माणसांना जरूर विचारावे. ही माहिती ग्रंथांत सापडत नाही आणि ती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. पुढच्या भागात महानुभाव: चक्रधरस्वामींच्या मागे पंथाचे आम्नाय, म्हणजे पोटपंथ, कसे झाले आणि ग्रंथ सांकेतिक लिपीत का गेले, ते पाहू.