मराठीतूनच झालेला विरोध : जनमत कौल आणि दोन दैनिके

दरवर्षी १६ जानेवारी जवळ आली की गोव्यात जनमत कौलाच्या आठवणी निघतात. नेत्यांच्या प्रतिमांना हार घातले जातात, अस्मितेवर भाषणे होतात आणि जुनी गाणी पुन्हा ऐकू येतात. १९६७ मध्ये त्या दिवशी गोमंतकीयांनी एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर मतपेटीतून दिले. महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे, हा तो प्रश्न. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा होता.

या निकालाचे श्रेय नेत्यांना, कार्यकर्त्यांना आणि कलावंतांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि या इतिहासातील एका गोष्टीकडे नव्या पिढीचे क्वचितच लक्ष जाते. विलीनीकरणाची मागणी प्रामुख्याने मराठीच्या नावाने होत होती आणि त्या मागणीविरुद्धची सर्वांत परिणामकारक मानली गेलेली वृत्तपत्रीय मोहीमही मराठीतच चालली. प्रसारमाध्यमे समाजाचे मन कसे घडवतात, याचे उत्तर शोधणाऱ्याने या वरकरणी विसंगत वाटणाऱ्या घटनेपाशी थोडे थांबावे.

छापखाना होता, लोकमत नव्हते

भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात, जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. मात्र छापखाना आला म्हणजे लोकमत आले, असे होत नाही. येथील पहिले वृत्तपत्र ‘गझेट द गोवा’ निघाले ते १८२१ मध्ये, आणि तेही सरकारी. १९०० मध्ये ‘ओ हेराल्दो’ हे पोर्तुगीज दैनिक सुरू झाले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, तेव्हा वृत्तपत्रांना काहीशी मोकळीक मिळाली. त्याच काळात, १९१२ मध्ये, गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ हे मराठी पत्र काढले.

ही मोकळीक फार काळ टिकली नाही. १९२६ मध्ये पोर्तुगालात लष्करी उठाव झाला, पुढे सालाझारची राजवट आली आणि सेन्सॉरची कात्री वसाहतींपर्यंत पोहोचली. मजकूर छापण्यापूर्वी तपासून घ्यावा लागे. सुमारे ३५ वर्षे गोव्यातील समाजाला स्वतःविषयी उघडपणे बोलता आले नाही. अशा समाजात मते नसतात असे नाही. ती घरात, देवळाच्या आवारात आणि कुजबुजीत राहतात, त्यांची परस्परांशी गाठ पडत नाही. ज्याला उघड बोलायचे असेल, त्याला सीमेपलीकडे जावे लागते. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या सीमेबाहेरील रानातून जे गुप्त नभोवाणी केंद्र चालवले, त्यामागचे कारण हेच होते. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून होणारे हे प्रसारण मुक्तीपर्यंत चालू राहिले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर शंभर दिवसही उलटले नव्हते, तोच २४ मार्च १९६२ रोजी ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक सुरू झाले. बा. द. सातोस्कर हे त्याचे पहिले संपादक. इतक्या दीर्घ मौनानंतर गोमंतकीय वाचकाला रोज सकाळी स्वतःच्या प्रदेशाविषयी, स्वतःच्या लिपीत, मोकळेपणाने वाचायला मिळू लागले. आणि ही सवय पुरती रुजण्याआधीच त्याच्यासमोर प्रदेशाच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला.

कुंपण ओलांडणारे दैनिक

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. विलीनीकरण हा त्या पक्षाचा पाया होता. विरोधी बाकावर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोअन्स पक्ष होता. या संघर्षाकडे केवळ भाषावाद म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. गोव्यातील बहुजन समाजाला महाराष्ट्रात शिक्षणाची दारे, कुळांना मिळणारे संरक्षण आणि भाटकारशाहीतून सुटका दिसत होती. देवळातले भजन, कीर्तन, नाटक आणि शाळेतले पुस्तक मराठीत असल्याने मराठी त्यांना आपली वाटे. उलटपक्षी, गोवा हा महाराष्ट्राचा एक जिल्हा होऊन बसेल, स्थानिकांच्या नोकऱ्या जातील, कोकणीला बोली म्हणून बाजूला सारले जाईल, अशी भीती विरोधकांना वाटत होती. दोन्ही बाजूंच्या आशा आणि भीती खऱ्या होत्या.

‘गोमन्तक’ने विलीनीकरणाची बाजू घेतली. विलीनीकरणविरोधी मजकूर पोर्तुगीज, इंग्रजी आणि रोमी कोकणी वाचणाऱ्या वाचकाला मिळत होता. परंतु त्या वर्गातील बहुसंख्य लोक मुळातच विरोधात होते. पटलेल्यांनाच पुन्हा पटवून सांगण्याने जनमत हलत नाही. खरा प्रश्न मराठी वाचणाऱ्या हिंदू घरांचा होता. ‘मराठी वाचणारा तो विलीनीकरणवादी’ हे समीकरण तेथे गृहीत धरले गेले होते.

१९६३ मध्ये मडगावहून निघू लागलेल्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने या समीकरणावरच बोट ठेवले. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्या काळी अतिशय गाजले. घरी कोकणी बोलणाऱ्या आणि मराठी वाचणाऱ्या माणसाला या दैनिकाने त्याच्या वाचनाच्या भाषेत सांगितले की, मराठीवर प्रेम असणे आणि गोव्याचे वेगळेपण जपणे या गोष्टी परस्परविरोधी असण्याचे कारण नाही. हाच मुद्दा इंग्रजीतून मांडला असता, तर तो ‘त्यांचा’ मुद्दा ठरला असता. मराठीतून आल्यामुळे तो घरातल्याच माणसाने काढलेला मुद्दा ठरला.

माध्यम नेमके काय करते?

वृत्तपत्र वाचकाच्या डोक्यात थेट मत भरते, असा एक समज आहे. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अमेरिकी अभ्यासकांनी १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपेल हिल या गावात निर्णय न झालेल्या १०० मतदारांना विचारले की, तुमच्या मते देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते? मतदारांनी दिलेला क्रम आणि माध्यमांनी त्या प्रश्नांना दिलेल्या जागेचा क्रम जवळजवळ सारखाच निघाला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा आशय असा की, कोणते मत बाळगावे यापेक्षा कशाविषयी मत बाळगावे, हे माध्यमे अधिक ठरवतात. पहिल्या पानावर काय जाणार आणि आतल्या पानाच्या कोपऱ्यात काय जाणार, हा वृत्तसंपादन विभागात रोज रात्री होणारा निर्णय म्हणूनच सामान्य नसतो.

माध्यमाचे दुसरे काम शब्द पुरवण्याचे. ‘जनमत कौल’ हा शब्दच पाहा. कौल गोमंतकीयाला देवळाच्या गर्भागारातून परिचित आहे. देवाला कौल लावायचा आणि मिळालेला कौल मानायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मतदानाला हा शब्द चिकटल्यावर निकालालाही नकळत एक मान्यता लाभते. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि संघप्रदेशासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत ही चिन्हे आणि त्यांमागचे युक्तिवाद सभांतून पोहोचले, उल्हास बुयांव यांच्यासारख्या गायकांच्या गाण्यांतून पोहोचले. अग्रलेखातला मुद्दा सभेत, सभेतला गाण्यात आणि गाण्यातला घरात, असा हा प्रवास असतो.

तिसरे काम सर्वांत सूक्ष्म आहे. ‘आपण’ या शब्दात कोण कोण येते, हे माध्यम ठरवते. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८३ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दाखवून दिले आहे की, एकमेकांना कधीही न भेटणारी माणसे एकच वृत्तपत्र वाचत असल्यामुळे स्वतःला एका समाजाचे घटक मानू लागतात. पेडण्याचा शेतकरी आणि काणकोणचा शिक्षक एकाच सकाळी एकच बातमी वाचतात, तेव्हा त्यांचा ‘गोवा’ एक होतो. पोर्तुगीज सेन्सॉरने नेमके हेच होऊ दिले नव्हते.

मतदार माध्यमाचा गुलाम नसतो

या सामर्थ्याला मर्यादाही आहेत. जानेवारी १९६७ मध्ये विलीनीकरण नाकारणाऱ्या याच गोव्याने मार्च १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत बांदोडकरांच्या पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसवले. विलीनीकरण नको, पण बहुजनांचे राज्य हवे, असा सूक्ष्म विवेक मतदारांनी केला. दोन्ही दैनिकांपैकी कोणीही संपूर्ण जिंकले नाही. वाचकाने एकाकडून एक गोष्ट घेतली, दुसऱ्याकडून दुसरी. हे शक्य झाले, कारण दोन्ही बाजू त्याला कळणाऱ्या भाषेत, त्याच्या हाताला लागतील अशा अंतरावर होत्या. चहाच्या दुकानात एका बाकावर दोन्ही अंक पडलेले असू शकत होते.

आजचा बाक कोठे आहे?

आज बातमी प्रामुख्याने भ्रमणध्वनीवर येते. समाजमाध्यमांची गणिती यंत्रणा प्रत्येकाला त्याच्या पूर्वीच्या आवडीनुसार मजकूर दाखवते. जे आवडले, थांबून पाहिले, पुढे पाठवले, तसेच आणखी येते. परिणामी एकाच घरातील पिता आणि पुत्र, एकाच भाषेत, दोन निरनिराळे गोवे पाहत असतात. ‘राष्ट्रमत’ने कुंपण ओलांडले होते, ही यंत्रणा प्रत्येकाभोवती नवे कुंपण घालते.

आपल्या भाषेतून आलेल्या शब्दावर माणूस लवकर विश्वास ठेवतो. ‘राष्ट्रमत’चे यश याच विश्वासावर उभे होते, आणि अफवाही याच विश्वासावर जगते. शेजारच्या महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या सुमारास सर्वत्र पसरले होते. या आणि अशाच इतर घटनांनंतर व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी केवळ पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. त्या संदेशांखाली कोणाचेही नाव नव्हते. ते ओळखीच्या माणसाकडून आले, एवढेच प्रमाण पुरले.

छापील वृत्तपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. वाचक ती ओळ सहसा वाचत नाही. भारतात १८६७ च्या कायद्याने बंधनकारक केलेली ही ओळ म्हणजे ‘या मजकुराला आम्ही जबाबदार आहोत’ असे दिलेले वचन आहे. ‘गोमन्तक’ आणि ‘राष्ट्रमत’ यांनी एकमेकांवर कितीही जहरी टीका केली असेल, पण टीका करणारा कोण, हे वाचकाला ठाऊक होते. त्याला उत्तर देता येत होते, जाब विचारता येत होता. वृत्तपत्रांनाही मालक असतात, त्यांचे हितसंबंध असतात. काय छापले गेले ते दिसते, काय छापले गेले नाही ते दिसत नाही, हेही खरे. म्हणूनच एका दैनिकावर विसंबून न राहता दुसरे वाचण्याची सोय समाजात टिकायला हवी.

लहान राज्यात ही गरज अधिक तीव्र असते. गोव्याच्या जमिनींचा प्रश्न, म्हादईच्या पाण्याचा प्रश्न, भाषेचा आणि लिपीचा प्रश्न यांसाठी १६ जानेवारीसारखी एक निश्चित तारीख ठरलेली नाही. या प्रश्नांवरील कौल रोज थोडा थोडा दिला जात असतो : ग्रामसभेत, न्यायालयात, विधानसभेत आणि घरातल्या गप्पांत. तो देताना गोमंतकीयाच्या हाती काय असेल, हा खरा मुद्दा आहे. त्याच्या मताला दुजोरा देणारा मजकूर त्याला न शोधताही मिळेल. न पटणारी बाजू मात्र कोणीतरी नाव घालून, नीट मांडून, त्याच्याच भाषेत त्याच्या दारी पोहोचवावी लागेल. ते काम वृत्तपत्राचे आहे, आणि ती बाजू शेवटपर्यंत वाचणे हे वाचकाचे.