गमच्या ट्यूबचं झाकण निघत नाहीये? दात लावण्याआधी हे वाचा

गणपतीच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता आमच्या मखराची कमान सुटली. दुकानं बंद. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये इन्स्टंट ग्लूची गेल्या वर्षीची ट्यूब सापडली, अर्ध्याहून जास्त भरलेली. पण झाकण काही केल्या फिरेना. "दे इकडे," म्हणत बाबांनी ट्यूब घेतली आणि थेट दाताखाली धरली. मी "बाबा, नको" म्हणेपर्यंत झाकण निघालं होतं आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा चिकटलाही होता. कमान सेलोटेपवर उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशीच्या आरतीला बाबांनी फक्त टाळ्या वाजवल्या.

तुमच्याही घरात अशी एखादी ट्यूब असणारच. तिचं झाकण उघडायच्या युक्त्या इंटरनेटवर ढिगाने आहेत. कुणी गरम पाणी सांगतं, कुणी नेलपेंट रिमूव्हर, कुणी लायटर. घोळ असा, की एका गमला चालणारा उपाय दुसऱ्याला चालत नाही आणि तिसऱ्या गमवर तोच उपाय धोकादायक ठरतो. कारण आपण सगळ्यालाच 'गम' म्हणत असलो, तरी प्रत्येक गम वाळायची पद्धत वेगळी आहे.

पांढरा गम आणि गरम पाणी

सगळ्यात सोपं प्रकरण म्हणजे शाळेच्या प्रोजेक्टपासून सुताराच्या बादलीपर्यंत दिसणारा पांढरा गम, फेविकॉलसारखा. यात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना बिलगतात आणि थर कडक होतो. झाकणाच्या आट्यांत सांडलेला गम असाच वाळतो.

पाणी गेल्याने कडक झालेला हा थर कोमट-गरम पाण्याने पुन्हा मऊ पडतो. बाटली उलटी करून फक्त झाकण बुडेल इतक्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग झाकणाला जाड रबर बँड गुंडाळून फिरवा, पकड चांगली बसते. डिंकाच्या बाटलीलाही हेच लागू. उघडल्यावर आटे ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा आणि बाहेरच्या आट्यांवर व्हॅसलिनचं पुसट बोट फिरवा. पुढच्या वेळी झाकण धरणार नाही.

खरा त्रास इन्स्टंट ग्लूचा

ज्याला आपण सरसकट फेविक्विक म्हणतो, तो सायनोॲक्रिलेट जातीचा गम. १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमधले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ हाती आला. प्रत्येक गोष्टीला चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. त्याचा 'दोष' हाच त्याचा उपयोग आहे, हे लक्षात येऊन तो बाजारात यायला १९५८ साल उजाडलं.

पांढरा गम पाणी गेल्यावर कडक होतो, हा मात्र पाणी मिळाल्यावर. हवेतला किंवा वस्तूवरचा जरासा ओलावाही पुरतो. रेणूंची साखळी सुरू होते आणि काही सेकंदांत काम संपतं. त्यातही थर पातळ आणि दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट टेकलेले असले, तर पकड सर्वात जबरदस्त. आता ट्यूबचं टोक आणि त्यावर दाबलेलं झाकण आठवा. पातळ थर, चिंचोळी फट, वर मुंबई-कोकणातला पावसाळा. आपण झाकण लावत नसतो, चक्क चिकटवत असतो. (छोट्या ट्यूबच्या भोकात टाचणी खुपसून ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.)

उघडायच्या आधी ट्यूब हळूच चेपून बघा. दगडासारखी लागली तर आतला गमच संपलाय, टाकून द्या. मऊ असेल, तर ट्यूब उभी धरून झाकणाच्या सांध्यावर नेलपेंट रिमूव्हरचे दोन-तीन थेंब सोडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. त्यात ॲसिटोन असायलाच हवं, लेबल बघून घ्या. हल्ली ॲसिटोन नसलेले रिमूव्हरही मिळतात, त्यांचा इथे उपयोग नाही. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून गॅस आणि समईपासून लांब. टेबलाच्या पॉलिशवर किंवा मोबाइलच्या कव्हरवर सांडलं तर डाग कायमचा.

मग पक्कडीने झाकण फिरवा. ट्यूब मात्र पोटाशी न आवळता मानेशी धरा. पोटाशी आवळली तर आत दाब तयार होतो आणि झाकण सुटताक्षणी गम पिचकारीसारखा उडतो. म्हणून टोक चेहऱ्याकडे नको आणि दात तर अजिबातच नकोत. तोंडात ओलावाच ओलावा असतो.

पुढच्या वेळी ही वेळ येऊ नये म्हणून वापर झाल्यावर ट्यूब उभी धरून टेबलावर दोन-तीनदा हलकेच आपटा, टोकातला गम खाली उतरतो. टोक कोरड्या कागदाने टिपा आणि मगच झाकण लावा. यासाठी कापूस किंवा सुती कापड घेऊ नका. सुतावर हा गम जास्त पडला तर इतकी उष्णता तयार होते की बोट भाजू शकतं. नंतर ट्यूब घट्ट झाकणाच्या बरणीत उभी ठेवा, सोबत नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी.

अनेक व्हिडिओंमध्ये ही ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. थंडीत हा गम जास्त टिकतो, हे खरं. पण आपल्याकडे आय ड्रॉप्सही फ्रिजच्या दारातच असतात. दोन्ही बाटल्या बोटभर, दोन्हींना चोच. ड्रॉप्स समजून डोळ्यात गम घातल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. घरात चष्मा न लावता औषध घालणारी आजी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: गम फ्रिजमध्ये नको. औषधाच्या ड्रॉवरमध्येही नको.

तरीही डोळ्यात गेलाच, तर भरपूर पाण्याने धुवा, पापण्या ओढून उघडू नका, ॲसिटोन तर जवळही आणू नका आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बोटं चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा, हिसका मारला की कातडी निघते. ओठांना कोमट पाणी लावत राहायचं. बाबांचा कोपरा संध्याकाळपर्यंत सुटला.

सोल्युशन आणि लायटर

पंक्चरवाल्याचं सोल्युशन, चपला किंवा सनमायका चिकटवायचा पिवळसर गम हे रबरी गम. यांच्यातलं द्रावक उडून जातं आणि रबर मागे राहतं. हे द्रावक भयंकर ज्वालाग्राही असतं. डब्याचं झाकण सैल करायला लायटर, काडी किंवा गॅसची शेगडी वापरणं म्हणजे आगीला बोलावणं. खिडकी उघडा, झाकणाच्या कडेला थोडं थिनर लावा आणि थोड्या वेळाने पक्कडीने फिरवा. दाबून बसवायचं झाकण असेल तर स्क्रूड्रायव्हरने चहूबाजूंनी थोडं थोडं उचला. बंद करताना कड पुसायची सवय लावली की यातलं काहीच करावं लागत नाही.

राहिला दोन ट्यूबचा इपॉक्सी, अराल्डाइटसारखा. यात एका ट्यूबमध्ये रेझिन आणि दुसऱ्या ट्यूबमध्ये हार्डनर असतो. दोन्ही एकत्र आले की कडक होतात. घाईत एकीचं झाकण दुसरीला लावलं, तर हे मिश्रण झाकणातच तयार होतं आणि मग गरम पाणी, ॲसिटोन कशालाच दाद देत नाही. ट्यूबचं मागचं टोक कापा, लागेल तेवढं काढा आणि उरलेलं त्याच दिवशी वापरून टाका. नवीन जोडी आणलीत की उघडण्याआधीच प्रत्येक झाकणावर आणि त्याच्या ट्यूबवर मार्करने एकच खूण करा.